वेबसाइट कारखान्याची, ओटीपी दुसऱ्याच्याच मोबाइलवर

सिल्वासाच्या पिपरिया, आमळी, मसाट, खडोली भागांतले कारखाने सूत काढोत की प्लास्टिकचा माल, परगावच्या खरेदीदाराला ते आधी स्क्रीनवरच दिसतात. ती वेबसाइट बहुधा वापी-सुरतेच्या एखाद्या ओळखीच्या पोराने करून दिलेली असते. डोमेन त्याच्या जीमेलवर, ओटीपी त्याच्या नंबरवर, बिल मात्र कारखान्याने भरलेलं. पोरगा नोकरीला बंगळूरला गेला की पासवर्ड किती अवघड होता याला काही अर्थ उरत नाही. होस्टिंग कंपनीच्या नोंदीत ज्याचा ईमेल, खातं त्याचं.

इथे सिल्वासाचाच इतिहास आठवतो. 2 ऑगस्ट 1954 ला गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं, वरिष्ठ पंचायत कारभार पाहू लागली. पण ताबा असला तरी भारतात रीतसर विलीनीकरण व्हायला 1961 चा ऑगस्ट उजाडला. करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला अधिकाराचा माणूस हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान केलं गेलं! होस्टिंग कंपनीलाही असाच सहीचा धनी लागतो, आणि तो शोधायची वेळ नेमकी साइट बंद पडल्यावर येते.

बरेच जण खात्याला ईमेल देतात तो त्याच डोमेनवरचा, ‘इन्फो’वाला. दिसायला रुबाबदार, पण घात इथेच होतो. नूतनीकरण राहिलं की डोमेन थांबतं, त्याबरोबर त्यावरची टपालपेटीही. मग मुदतीची आठवण आणि ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक दोन्ही त्या बंद पेटीकडे निघतात. ‘.कॉम’ नाव नोंदणीतून काढलं गेल्यावर ते दंड भरून सोडवायला 30 दिवस मिळतात, पुढे 5 दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. तेव्हा खात्याचा ईमेल दुसऱ्या सेवेवरचा हवा, आणि तो अधूनमधून उघडलाही पाहिजे: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं कंपनी काढून टाकू शकते. मोबाइल नंबरचंही तेच. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि आपला ओटीपी त्याच्याकडे जातो.

जानेवारी 2014 मध्ये नाओकी हिरोशिमा यांचं होस्टिंग खातं गेलं, तेव्हा कुणी पासवर्ड फोडलाच नव्हता. ट्विटरवरचं त्यांचं एका अक्षराचं नाव हवं असलेल्या भामट्याने गोडॅडी या होस्टिंग कंपनीला फोन लावला, आपणच मालक असल्याची बतावणी केली आणि खातं बळकावलं. मग धमकी दिली: नाव सोड, नाहीतर वेबसाइट्स जातील. त्यांनी सोडलं. आपला कर्मचारी फसल्याचं गोडॅडीने नंतर मान्य केलं. म्हणून हेल्पडेस्कने बिल, जीएसटी प्रमाणपत्र, लेटरहेडवरचं पत्र मागितलं तर वैतागू नये. जो गोड बोलण्यावर आपल्याला खातं उघडून देतो, तो चोरालाही देईल. फक्त ते बिल कारखान्याच्या नावावर असायला हवं. पोराच्या नावावर असेल तर कपाट भरून कागद दाखवले तरी उपयोग नाही.

पासवर्डबद्दल थोडकंच. दर तीन महिन्यांनी सक्तीने बदला, हा जुना सल्ला अमेरिकेच्या मानक संस्थेने 2017 मध्ये सोडून दिला. लांब हवा, कुठेही पुन्हा न वापरलेला हवा, गळल्याचा संशय आला की बदलायचा. होस्टिंग, वर्डप्रेस, एफटीपी, ईमेल यांचे पासवर्ड वेगवेगळे. कंपनीने सुरुवातीला दिलेला तर पहिल्याच दिवशी बदलावा: 2021 मध्ये गोडॅडीच्या वर्डप्रेस होस्टिंगमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा 12 लाखांपर्यंत ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांसोबत असे सुरुवातीचे ॲडमिन पासवर्डही उघडे पडले होते. ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर ॲप घ्यावं आणि त्याचे बॅकअप कोड छापून कारखान्याच्या तिजोरीत ठेवावेत.

खातं परत मिळालं की सगळे पेढे वाटायला धावतात. आधी वर्डप्रेसमध्ये अनोळखी ॲडमिन आहे का ते पाहा, डीएनएसच्या नोंदी तपासा, आणि ईमेलचं फॉरवर्डिंग तर बघाच. एकदा लावलेलं फॉरवर्डिंग पासवर्ड बदलल्याने जात नाही. कोटेशनची प्रत भामट्याकडे जातच राहते, आणि एके दिवशी खरेदीदाराला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं पत्र पोहोचतं. मोठ्या खरेदीदारांना त्याच दिवशी फोन करून सांगावं, की खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर पैसे पाठवण्याआधी आम्हाला विचारा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार.