कोडिंगआधी गोष्ट

गैरसमज: लहान मुलांना कोडिंग शिकवायचे तर संगणक किंवा टॅब हवाच.

सोलापुरात तरी हा समज टिकू नये. इथल्या चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पंच कार्डांमधून उतरते. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डने हा माग बसवला. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात अशीच कार्डे घेतली.

बालवाडीत विणकर आजोबांची गोष्ट सांगा आणि मुलांना एका रांगेत बसवा. पुठ्ठ्यावर भोक दिसले की त्या जागेच्या मुलाने उभे राहायचे, बाकीच्यांनी बसून राहायचे. उभ्यांच्या चौकटी फळ्यावर रंगवायच्या, मग पुढचा पुठ्ठा. ओळीवर ओळ चढते आणि मोर दिसू लागतो. मुद्दाम एक भोक भलतीकडे पाडून बघा. मोराची मान तुटली की कुठला पुठ्ठा चुकला, ते मुलेच शोधतात. कोडिंग म्हणतात ते हेच.

गैरसमज: वर्गात वेगवेगळ्या भाषांची मुले असली की शिकवणे अडते.

मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या सोलापूरच्या गल्लीतल्याच भाषा. इथे ब्रेलची गोष्ट सांगावी. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू ‘क’ची खूण एकच: डाव्या रांगेतला वरचा आणि खालचा ठिपका. डोळ्यांना तीन अक्षरे, बोटाला एक! गोष्टीतले दृष्टिहीन मूल मात्र बिचारे दाखवू नका. आपल्याला न येणारी लिपी त्याला येते.

गैरसमज: हे सगळे शहरातल्या मोठ्या शाळांचे काम.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलांपर्यंत कविता, गोष्टी पोहोचवल्या. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

पालकांनो, कोडिंगच्या क्लासची फी भरण्याआधी घरातल्या आजी-आजोबांना वर्गात पाठवा. मागावर बसलेले असतील तर आधी त्यांनाच. गोष्ट त्यांनी आपल्या घरच्या भाषेतच सांगावी.