अर्धें आईचें, अर्धें बापाचें

गेल्या चैत्रांत सोलापुरांतील एका परिचितांच्या घरीं आम्ही बारशास गेलों होतों. मुलगी दुसरी. पाळण्याभोवतीं गाणीं चाललीं होतीं. पण आजीबाई बाहेरच्या खोलींत एकट्याच बसल्या होत्या. "सुनेनें पुन्हां मुलगीच दिली," असें त्या आम्हांस म्हणाल्या. घर सुशिक्षित, तरी त्या वाक्यास कोणीं उत्तर दिलें नाहीं, आम्हींही नाहीं. तें उत्तर देण्यास पुढें आम्ही पुन्हां गेलों. तेंच येथें वाचकांपुढें ठेवितों.

आरंभ आपल्या भाकरीपासून करूं. 'मालदांडी ३५-१' हा ज्वारीचा प्रसिद्ध वाण आपल्याच जिल्ह्यांतील मोहोळचा. ज्वारीच्या ताटाच्या पेशींत २० गुणसूत्रें, म्हणजे १० जोड्या असतात. ताट वाढतें तेव्हां पेशी आपलीं सूत्रें दुप्पट करून सारखीं वांटते व नव्या पेशींत पुन्हां वीसच राहतात. पराग व बीजांड यांतील युग्मकांसही हाच नियम असता, तर त्यांच्या मीलनानें पुढील पिढींत ४०, त्यापुढें ८० अशी रास वाढत गेली असती. म्हणून येथें निसर्गाचा हिशेब निराळा आहे: सूत्रें एकदांच दुप्पट होतात, विभाजन मात्र दोनदां घडतें. प्रथम आईकडील व बापाकडील सूत्रें जोडीनें शेजारीं येतात, कांहीं तुकड्यांची देवघेव करितात आणि मग एकेक एकेका टोंकास जातें. दुसऱ्या विभाजनांत प्रत्येक सूत्राचे दोन धागे वेगळे होतात. परागकोशांतील एका मातृपेशीपासून अशा चार पेशी होतात. प्रत्येकींत सूत्रें १०. हेंच अर्धगुणसूत्री विभाजन. युग्म म्हणजे जोडी; जी पेशी दुसरीशीं मिळून जोडी पुरी करिते ती युग्मक.

जोडींतील कोणतें सूत्र कोणत्या बाजूस जावें, हें ठरलेलें नसतें. १० जोड्यांच्या वांटणीच्या १,०२४ तऱ्हा होतात; मनुष्याच्या २३ जोड्यांच्या ८० लाखांहून अधिक. एकाच आईबापांचीं भावंडें निरनिराळीं कां, याचें हें कारण.

आतां आजीबाईंच्या वाक्याकडे वळूं. मनुष्याचीं गुणसूत्रें ४६, हें १९५६ सालीं निश्चित झालें. त्यांतील एका जोडींत स्त्रीचीं सामान्यतः दोन्ही सूत्रें 'एक्स'. पुरुषाचें एक 'एक्स' व एक 'वाय'. जोडी फुटली कीं स्त्रीबीजांत एक्सच येतें. शुक्रपेशींपैकीं सुमारें निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें १९०५ सालीं पिठांतील किड्यांत हाच प्रकार दाखविला. म्हणजे मुलगी कीं मुलगा, हें बापाकडून आलेल्या सूत्रावर ठरतें. सुनेपाशीं देण्यास दुसरें कांहीं नव्हतेंच. बापासही त्यांत निवड नाहीं. म्हणून दोष त्याचाही नाहीं.

गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला, केंद्रानें १९९४ सालीं. घरांतील बोलण्यांस मात्र कायद्याची बंदी नसते. तीं आपणच आवरलीं पाहिजेत.

आजीबाईंनीं आमचें सारें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "गुरुजी, या मुलाआधीं मला चार मुली झाल्या. तेव्हां मी जीं बोलणीं खाल्लीं, तीं कशाबद्दल?" आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं. त्या उठल्या आणि आंतून नात घेऊन आल्या.