नोकरी दिली, पण माणूस टिकला का? ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा अनुभव

माणूस कामावर घेणे आणि तो कामावर टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने स्वतःचा कारखाना किंवा दुकान चालवले आहे त्याला सांगावे लागत नाही. नवा कारागीर येतो, महिनाभर नीट काम करतो आणि एक दिवस न सांगता निघून जातो. मालक म्हणतो, "या लोकांना कामाची आवडच नाही." 'हे लोक' कोण, ते गावागणिक बदलते. कुठे ते परप्रांतीय असतात, कुठे आदिवासी, आणि पुष्कळ ठिकाणी ते आपणच असतो. ऑस्ट्रेलियात हाच शेरा तेथील मूळ रहिवाशांवर पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. गेल्या काही दशकांत तेथील विद्यापीठांनी या शेऱ्याची नीट तपासणी केली. तिच्यातून जे निघाले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातील ८ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी आपली नोंद मूळ रहिवासी म्हणून केली. एकूण लोकसंख्येच्या हे ३.२ टक्के. त्यांच्यातील २५ ते ६४ वयाच्या लोकांपैकी ५५.७ टक्के लोकांच्या हाताला काम होते. २०३१ पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर नेण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे.

या लोकांना कामाची सवय नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील गुरांची अफाट कुरणे त्यांच्याच घामावर उभी राहिली. घोड्यावर बसून हजारो जनावरे हाकणे हे कसबाचे काम, पण मोबदला म्हणजे पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि थोडे मांस. रोख मजुरी मिळालीच तर ती गोऱ्या गुराख्याच्या मजुरीपेक्षा फारच कमी. २३ ऑगस्ट १९६६ रोजी वेव्ह हिल येथील सुमारे दोनशे गुरिंजी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया आणि मुलेबाळे व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे काम सोडून चालू लागली. कुरण ब्रिटनच्या वेस्टी घराण्याच्या कंपनीचे होते. सुरुवातीला सर्वांना वाटले, हा मजुरीचा संप आहे. पुढे उलगडा झाला की त्यांना आपली जमीन हवी होती. १९७५ मध्ये पंतप्रधान गफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतून जमिनीचा एक भाग त्यांच्या हवाली केला.

त्याच १९६६ सालच्या मार्च महिन्यात औद्योगिक लवादाने समान वेतनाचा निवाडा दिला होता. तो लागू झाला डिसेंबर १९६८ मध्ये. मधली पावणेतीन वर्षे मालकांना 'सावरण्यासाठी' दिली गेली, आणि मालक सावरले ते असे की पुष्कळांनी मूळ रहिवासी कामगारांना काढूनच टाकले. कुंपणे घातली, मोटारी आणि हेलिकॉप्टर आणले. ज्यांचे आजे-पणजे त्या भूमीवर राहत होते ती कुटुंबे वस्त्यांच्या कडेला येऊन बसली. निवाडा न्याय्यच होता. पण काम कोण, कुठे आणि कोणाच्या अटीवर करणार याचा विचार न करता केवळ दर बदलला तर काय होते, ते या प्रकरणात दिसले. नंतरच्या बेकारीची मुळे शोधणारे अभ्यासक इथपर्यंत येतात.

त्याआधीचा एक धंदा मात्र वेगळ्या रीतीने चालला होता आणि त्यात एक पक्ष मुसलमान दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा होता. आजच्या इंडोनेशियातील मकासर बंदरातून दरवर्षी डिसेंबरच्या वाऱ्यावर होड्यांचे ताफे आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर येत. समुद्रकाकडी नावाचा प्राणी गोळा करून, उकडून, वाळवून तो चीनला विकत. योल्न्गू लोक त्यांच्याबरोबर काम करीत आणि बदल्यात कापड, तांदूळ, तंबाखू, सुऱ्या, लोखंडी कुऱ्हाडी घेत. एप्रिलच्या सुमारास वारा फिरला की पाहुणे परत जात. भांडणे आणि खूनखराबाही झाला, सारे गोडीगुलाबीचे नव्हते. पण आलेला व्यापारी जमिनीचा मालक बनला नाही आणि किनारा योल्न्गूंचाच राहिला. योल्न्गू भाषेत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात, ही त्या व्यवहाराची खूण. परवाने आणि जकातीचा फास आवळत सरकारने १९०७ मध्ये हा व्यापार बंद पाडला.

आता आजच्या संशोधनाकडे येऊ. मॅथ्यू ग्रे, बॉइड हंटर आणि शॉन लोहोर यांनी २०१२ मध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचे म्हणणे असे की एकच उपाय करून माणूस टिकत नाही. कामाआधीचे नेमके प्रशिक्षण, भरतीची वेगळी पद्धत, पाठीशी उभा राहणारा अनुभवी माणूस, वेळेची लवचिकता, कुटुंबाला आधार आणि कामाच्या जागी होणाऱ्या वंशभेदाचा बंदोबस्त, यांपैकी अनेक गोष्टी एकत्र असाव्या लागतात. 'अनुभवी माणूस' म्हणजे आपला उस्ताद. आपल्याकडे ही व्यवस्था पूर्वापार आहे. फक्त आपल्या उस्तादाला बोलायचे माहीत असते, ऐकायचे फार थोड्यांना.

भरतीचे उदाहरण पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील आर्गाईल हिऱ्याच्या खाणीने (ही खाण २०२० मध्ये बंद झाली) टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारण्याची मुलाखत सोडून काही दिवसांची कार्यशाळा सुरू केली. उमेदवाराने तिथे हाताने काम करून दाखवायचे. अनोळखी साहेबासमोर स्वतःची तारीफ करणे ज्या समाजात असभ्य समजतात, त्या समाजातला माणूस मुलाखतीत पडणारच. त्यावरून त्याच्या हाताची परीक्षा होत नाही.

दुसरी गोष्ट 'होय' या शब्दाची. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी १९९२ मध्ये वकिलांसाठी एक पुस्तिका लिहिली. मूळ रहिवासी माणूस अधिकाराच्या जागी बसलेल्याच्या प्रश्नाला पुष्कळदा 'होय' म्हणतो, पण त्याचा अर्थ 'मला पटले' किंवा 'मला समजले' असा असेलच असे नाही, हे त्यांनी दाखवले. कोर्टात यामुळे निरपराध माणूस अडकतो, कारखान्यात माल बिघडतो. "समजले ना?" "हो शेठ." असा संवाद आपल्याकडेही रोज होतो, आणि कापड चुकीचे बेतले गेले की दोष पोराला मिळतो. "आता तू काय करणार ते सांग," असे विचारले तर खरे काय ते लगेच कळते.

तिसरी गोष्ट मयतीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात जवळचा नातेवाईक वारला तर दर वेळी दोन दिवसांची रजा आहे. 'जवळचा' म्हणजे नवरा-बायको, आईबाप, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे. पण अनेक मूळ रहिवासी समाजांत मावशी ही आईच असते, तिची मुले ही सख्खी भावंडे. तिच्या अंत्यविधीला शेकडो मैल जावे लागते, आणि विधी कित्येक दिवस चालतात. न जाणे म्हणजे बिरादरीतून उठणे. अशा वेळी माणूस नोकरी सोडतो, आणि मालकाच्या वहीत 'गैरहजर' एवढीच नोंद राहते. काही उद्योगांच्या वेतनकरारांत आता मालकाच्या संमतीने वर्षाला दहा दिवसांपर्यंत बिनपगारी विधी-रजा ठेवली आहे. बिनपगारी म्हणजे मालकाला तिचा पगारही पडत नाही.

२०२० मध्ये सिडनीच्या तंत्रविद्यापीठातील जुंबुन्ना संस्थेने आणि एका उद्योग-मंडळाने मिळून १,०३३ मूळ रहिवासी नोकरदारांना प्रश्न विचारले. ३८ टक्के लोकांनी सांगितले की वंशामुळे त्यांना कधी ना कधी किंवा नेहमीच अन्यायाची वागणूक मिळते. या अहवालात एक उपयुक्त कल्पना आहे, 'सांस्कृतिक ओझे'. कचेरीत मूळ रहिवासी एकटाच असेल तर त्याच्या समाजाविषयीचा प्रत्येक प्रश्न, प्रत्येक समारंभाचे भाषण, प्रत्येक तक्रारीचा खुलासा त्याच्याच गळ्यात पडतो, आणि त्याचा पगार मिळत नाही. ज्यांनी एखाद्या कचेरीत एकटे मुसलमान म्हणून काम केले आहे त्यांना हे अधिक फोडून सांगायची गरज नाही.

आणि हे सारे दाराच्या आतले. दारच उघडले नाही तर? ॲलिसन बूथ, अँड्र्यू ली आणि एलेना वर्गानोव्हा यांनी २००७ मध्ये चार हजारांहून अधिक बनावट अर्ज ऑस्ट्रेलियातील शहरांत पाठवले. पात्रता तीच, फक्त नाव वेगळे. इंग्रजी नावाइतकी मुलाखतीची बोलावणी मिळवायला मूळ रहिवासी नावाला ३५ टक्के, मध्यपूर्वेतील नावाला ६४ टक्के आणि चिनी नावाला ६८ टक्के अधिक अर्ज करावे लागले. असाच प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी २००५-०६ मध्ये भारतात केला. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याची संधी दलित नावाला दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश निघाली. शिकूनही काम मिळत नाही ही तक्रार वेळोवेळी 'न्यूनगंड' म्हणून उडवून लावली जाते. तिला हा आकडा दाखवावा.

मग वाट कोणती? हंटर यांच्या हिशेबाप्रमाणे मूळ रहिवाशांच्या मालकीचा धंदा मूळ रहिवासी माणसाला नोकरी देण्याची शक्यता इतर धंद्यांच्या सुमारे शंभर पट आहे. तिथे नात्याची रजा मालकाला समजावावी लागत नाही, मालकच त्या मयतीला गेलेला असतो. याच विचाराने ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने १ जुलै २०१५ पासून आपल्या कंत्राटांच्या संख्येत ३ टक्के वाटा अशा धंद्यांसाठी ठरवला. नुसत्या भाषणांनी जे झाले नव्हते ते ऑर्डरींनी होऊ लागले.

पण जिथे कंत्राट तिथे लबाडीही आली. गोऱ्या कंपनीने एखाद्या मूळ रहिवाशाला नावापुरता अर्धा भागीदार करायचे, सही त्याची आणि नफा आपला. आपल्याकडील टेंडरबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रकारात नवे काही वाटणार नाही. पूर्वी ५० टक्के मालकी पुरत होती, म्हणून ही पळवाट सोपी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की १ जुलै २०२६ पासून ५१ टक्के मालकी किंवा मूळ रहिवाशांची संस्था म्हणून स्वतंत्र नोंदणी लागेल. एका टक्क्याने चोर थांबत नाही; पण धंद्याचे निर्णय कोण घेतो, हे विचारण्याचा हक्क त्यामुळे तपासनिसाच्या हाती येतो.