डांबर संपल्यावर अश्वशक्तीचं काय होतं?

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या शेतरस्त्यावर साधी कम्युटर बाइक घातली, तर थोड्याच अंतरात तिचं पुढचं चाक फिरायचं थांबतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, टायरला लपेटून बसते आणि टायर व मडगार्ड यांच्यातल्या दोन बोटांच्या फटीत गच्च होते. मग काठीने चिखल उकरायचा, नाहीतर मडगार्डच खोलून हातात घ्यायचं. डांबर आणि माती अशा दोन्हींसाठी बांधलेल्या बाइकचं पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर असतं, ते यासाठी. यामाहाने १९६८ साली बाजारात आणलेल्या डीटी-१ पासून या जातीच्या गाड्यांची घडण अशा अडचणींमधूनच ठरत गेली आहे. आपल्याकडे मात्र पहिली ड्युअल-पर्पज बाइक घेताना चौकशी होते ती सीसीची आणि पॉवरची. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा असायला हवा, आणि त्याचं उत्तर मिळाल्याखेरीज पुढच्या प्रश्नाकडे वळू नये.

त्यासाठी पॉवर मातीत कुठे जाते ते आधी पाहू. इंजिन कितीही जोरकस असलं, तरी गाडी पुढे ढकलली जाते ती मागच्या टायरच्या पकडीने. ही पकड दोन गोष्टींवर ठरते: मागच्या चाकावरचा भार आणि टायर-जमीन यांच्यातला घर्षणगुणांक. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.८ च्या आसपास असतो. ओल्या मातीत तो ०.३५ धरला तरी पुष्कळ झालं. गाडी आणि चालक मिळून २३० किलो, त्यातला ५५ टक्के भार मागे, असा हिशेब केला, तर चाक जागच्या जागी फिरू लागण्याआधी जास्तीत जास्त सुमारे ४३० न्यूटन ढकल मिळते. ताशी २० किलोमीटर वेगाला ही ढकल जेमतेम सव्वातीन अश्वशक्ती वापरते. हीरो एक्सपल्स २०० ची चार व्हॉल्व्हची आवृत्ती सुमारे १९ अश्वशक्ती देते, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुमारे ४०. त्या चिखलात दोघींचीही बहुतेक शक्ती बिनकामाची आहे. चढावर लागणारा जोर पहिल्या गिअरच्या गुणोत्तरातून आणि क्लचवरच्या हलक्या बोटांतून येतो. नवशिक्याच्या हाती जादा पॉवर असली, तर मागचं चाक लवकर सुटतं, एवढंच.

वजनाचं तसं नाही. ते प्रत्येक क्षणी हजर असतं आणि गाडी कलू लागली की त्याचा त्रास झपाट्याने वाढतो. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, तर एक्सपल्सचं १६० च्या घरात. कागदावर हा फरक मोठा वाटत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल १०५ सेंटिमीटरवर धरू. गाडी २० अंश कलली असताना ती सावरायला हँडलवर जड गाडीसाठी सुमारे ३५ किलोचा जोर लागेल, हलकीसाठी २९ चा. ४० अंशांवर हेच आकडे ६६ आणि ५४ होतात. पायाखाली निसरडा जांभा असेल, तर ५४ किलो धडधाकट माणसाला कसेबसे पेलतात, ६६ पेलत नाहीत. मातीत शिकणारा माणूस पडतोच. दिवसातून पाच वेळा गाडी उचलावी लागली, तर सहाव्यांदा शिकायची उमेद उरते की नाही, हे या फरकावर ठरतं. २००४ साली अभिनेते इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन लंडनहून न्यूयॉर्कला निघाले ते अडीचशे किलोच्या आसपास वजनाच्या बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस घेऊन. त्यांच्या प्रवासाच्या मालिकेने मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाइकचं वेड जगभर पसरवलं. पण मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या बीएमडब्ल्यूने दगा दिला, तेव्हा त्याने तिथेच एक रशियन इझ प्लॅनेटा घेतली: एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, साडेतीनशे सीसी. मोठ्या गाड्या चिखलात रुतत होत्या आणि ही साधी, हलकी गाडी त्याच वाटेने चालली होती. जाहिरातींमध्ये तिची आठवण कुणी काढत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हलकंच हवं तर दीडशे सीसीच्या रस्त्यावरच्या बाइकला बटन टायर लावून काम का भागवू नये? भागत नाही, आणि कारण चाकाच्या त्रिज्येत आहे. पुढच्या २१ इंची चाकाची टायरसकट त्रिज्या सुमारे ३४८ मिलिमीटर भरते, १७ इंची चाकाची २९३. समोर १० सेंटिमीटरचा दगड आला, तर मोठं चाक त्याला गाठतं तो कोन साडेचव्वेचाळीस अंशांचा, लहान चाकाचा जवळपास ४९ चा. म्हणजे तेवढाच भार वर चढवायला लहान चाकाला सुमारे १६ टक्के जास्त आडवा धक्का सोसावा लागतो, आणि तो हँडलमधून थेट मनगटात उतरतो. त्यात सस्पेन्शनची चाल जोडा. एक्सपल्सचं पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर दबतं. रस्त्यावरच्या बाइकचं साधारण १२० ते १३०. खड्ड्यात उतरताना तीच ऊर्जा कमी अंतरात जिरवायची म्हणजे जोर त्या प्रमाणात वाढणार, आणि सस्पेन्शन तळाला टेकलं की उरलेलं सगळं फ्रेमवर आणि पाठीवर. टायर बदलता येतो, ही घडण बदलता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माती महिन्यातून एकदा, पण महामार्ग रोजचा, त्याचं काय? हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताठ बसलेला चालक आणि रुंद हँडल गृहीत धरलं, तर ताशी ८० ला सहा अश्वशक्तीच्या आसपास लागतात, १०० ला ११ आणि १२० ला साडेअठरा. म्हणजे १९ अश्वशक्तीची गाडी १०० वर खुशाल चालते, १२० ला तिचा दम संपतो. पुणे-सातारा-कोल्हापूर ८५-९० ने करणाऱ्याला ती पुरते. रोज डबलसीट आणि सामानासह शंभरच्या वर जायचं असेल, तर माझा सल्ला त्याला लागू नाही; त्याने हिमालयनच घ्यावी आणि वाट बेताने निवडावी. मधला मार्गही आता आहे: एक्सपल्स २१० मध्ये साडेचोवीस अश्वशक्ती सुमारे १७० किलोत बसवली आहे. पण ‘एकदाच घ्यायची तर मोठी घेऊ’ हे गणित मला पटत नाही. उभं राहून चालवणं, उतारावर पुढचा ब्रेक हळुवार दाबणं, घसरत्या मागच्या चाकाला घाबरून थ्रॉटल न सोडणं, हे हलक्या गाडीवर शिकलं की जड गाडीवर कामी येतं. उलट दिशेने शिकणारे बहुतेक मध्येच मातीचा नाद सोडतात.

सीटच्या उंचीची धास्ती पुष्कळांना असते, आणि ती समजण्याजोगी आहे. साडेपाच फुटांच्या माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण ७६-७७ सेंटिमीटर भरते, आणि सीट असते ८२ च्या पुढे. पण हिमालयन ४५० आणि एक्सपल्स २००, दोघींचीही सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे जड गाडी घेऊन जमीन जवळ येत नाही. शिवाय हा आकडा रिकाम्या गाडीचा. चालक बसला की सस्पेन्शन चार-पाच सेंटिमीटर दबतं, आणि अरुंद सीटवर ढुंगण एका बाजूला सरकवून एक पाय पूर्ण टेकवता येतो. तेवढं पुरतं, पण गाडी हलकी असेल तरच. ८९१ मिलिमीटर सीटच्या एक्सपल्स प्रोकडे मात्र नवशिक्याने जाऊ नये.

एबीएसबद्दल थोडं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या दुचाकींना ते सक्तीचं आहे आणि डांबरावर ते जीव वाचवतं. सुट्या खडीत मात्र थांबलेलं चाक पुढे मातीचा ढीग रचतं आणि त्या ढिगाने गाडी लवकर थांबते. एबीएस हा ढीग होऊ देत नाही. म्हणून मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय असेल अशी, किंवा ते फक्त पुढेच असलेली गाडी बघावी. चाकंही पाहावीत: स्पोकची दगडावर वाकतात, अलॉय तडकतात. स्पोकमध्ये सहसा ट्यूब असते, तेव्हा पंक्चर काढायला शिकून घ्यावं.

एक्सपल्स २०० आणि हिमालयन ४५० यांच्या किमतीत लाखाहून जास्त फरक पडतो. त्यातले पंधरा-वीस हजार सर्वप्रथम घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांवर, गुडघ्याच्या गार्डांवर आणि चांगल्या हेल्मेटवर खर्च करावेत, कारण कमी वेगाच्या पडण्यात पाय गाडीखाली अडकतो आणि आधी घोटा जातो. उरलेल्यातून दोन दिवसांचं ऑफ-रोड प्रशिक्षण घ्यावं. आणि शोरूममध्ये टेस्ट राइड मागण्याआधी, सेल्समनला दुसऱ्या बाजूला उभं करून, गाडी वीस अंश कलवून स्वतः सरळ करून पाहावी.