अध्यक्षबाई लालबागला येतात

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत हायस्कूलला जाणारं मूल आहे, तिथे 'होसा' हे नाव नवं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९७६ साली 'हेल्थ ऑक्युपेशन्स स्टुडंट्स ऑफ अमेरिका' या नावाने ही विद्यार्थ्यांची संघटना सुरू झाली. आता तिचं नाव 'होसा – फ्यूचर हेल्थ प्रोफेशनल्स' असं आहे आणि सभासद दोन लाखांहून जास्त. ज्यांना पुढे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन असं काहीही व्हायचंय, ती मुलं शाळेच्या शाखेत नाव घालतात. मग स्पर्धा: वैद्यकीय शब्दांची स्पेलिंगं, प्रथमोपचार, आरोग्यशिक्षण, वादविवाद. आधी राज्यात, तिथे वरचे नंबर आले की जूनमधल्या मोठ्या अधिवेशनात. निळे कोट, बिल्ले, पदकं असा सगळा थाट.

माझी लेक गेल्या वर्षी तिच्या शाळेच्या शाखेची अध्यक्ष झाली. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर सभाशास्त्र आलं. "मी ठराव मांडते की आज भांडी दादाने घासावीत." ठरावाला अनुमोदन लागतं, ते मी देत असे. खरं सांगायचं तर या सगळ्याकडे मी जरा संशयानेच बघत होते. कॉलेजच्या अर्जावर 'अध्यक्ष' लिहिता यावं म्हणून आपली मुलं किती ठिकाणी अध्यक्ष होतात, ते आपण सगळे जाणतो. माझ्या लेकीलाही ते माहीत होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

तिच्या गटाने आरोग्यशिक्षणाच्या स्पर्धेसाठी विषय घेतला सिकलसेलचा. आठवीच्या मुलांना शिकवायचं आणि मग परीक्षकांपुढे मांडायचं. तयारी झकास होती. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, लवचीक. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फुटावीत अशा वेदना होतात. अमेरिकेत असे सुमारे एक लाख रुग्ण आहेत. आणि एक गोष्ट मलाही तिच्याचकडून कळली. या पेशी पहिल्यांदा ज्याच्या रक्तात दिसल्या, तो वॉल्टर क्लेमंट नोएल शिकागोत दंतवैद्यक शिकायला आलेला ग्रेनाडाचा विद्यार्थी होता. १९०४ साली तो रुग्णालयात आला, सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी पाहिल्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने, आणि त्यावरचा लेख १९१० साली प्रसिद्ध झाला तो त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांच्या नावावर. नोएल शिक्षण पुरं करून मायदेशी परतला, दवाखाना चालवला आणि १९१६ साली, पुरी पस्तिशीही न गाठता गेला. "म्हणजे रुग्ण विद्यार्थी आणि शोधणाराही जवळपास विद्यार्थीच," लेक म्हणाली. तिच्या मांडणीची सुरुवातच ही होती.

राज्यात त्यांचा चौथा नंबर आला. वर तिघेच जातात. जूनचं अधिवेशन हुकलं, म्हणून जुलैत आम्ही माझ्या माहेरी गेलो.

माझं माहेर लालबाग. मुंबईकरांनो, तुमचं नव्हे, बऱ्हाणपूरचं. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की लागणारं बऱ्हाणपूर स्टेशन ज्या वस्तीत आहे, ती ही. ताप्ती मिल इथलीच. बाबांचा जन्म त्या मिलच्या भोंग्यावर गेला. जवळच कुंडी भंडारा आहे, खानखानाच्या काळात, १६१५ साली बांधलेला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणायची सोय, वर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग. लहानपणी आम्हाला ते फक्त सहलीचं ठिकाण वाटे. बाबांनी नातीला नेऊन दाखवलं आणि म्हणाले, "शहराच्या तब्येतीचं पहिलं काम हे, बाळा. पाणी." अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी जवळच रक्तदान शिबिर होतं. हिने शाळेत तीन शिबिरं भरवलेली, स्वतः दोनदा रक्त दिलेलं, म्हणून तोऱ्यात निघाली. तिथल्या मुलाने वय विचारलं आणि हसून परत पाठवलं. तिकडे सतराव्या वर्षी चालतं, आपल्याकडे अठरा पूर्ण लागतात. चहा-बिस्किट मात्र दिलं.

आईकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या खकनारकडच्या, कोरकू. त्यांचा नऊ वर्षांचा नातू सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर येतो आणि ओट्यावर बसून राहतो. इतर पोरांसारखा धावत नाही. एका दुपारी तो पाय पोटाशी घेऊन विव्हळायला लागला. मावशींनी सवयीने पाणी पाजलं, पाय शेकले, पिशवीतून गोळी काढली. गोळीबरोबर एक कार्ड बाहेर आलं. सिकलसेलचं.

मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे, तसाच आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडेही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरवून. हे कार्ड त्या तपासणीचं. माझ्या लेकीने वर्षभर ज्या विषयावर पदकासाठी घोकंपट्टी केली, तो विषय आजीच्या ओट्यावर कण्हत बसला होता.

पोराला बरं वाटल्यावर ती मावशींशी बोलायला बसली. मराठी, हिंदी, हातवारे सगळं मिसळून. आई-बाप दोघेही वाहक असले तर चारात एका मुलाला आजार होतो, हे तिने सांगितलं. मावशींचा चेहरा खुलला. "तेच तर! चारातला एक झाला. आता सुनेला पुढची तीन सुखरूप होतील." लेक दचकली. तिच्या सगळ्या स्लाइड्समध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणि मग घाईघाईने ती चुकली. मावशींच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. ती मुलगीही तिथेच उभी होती. लेक म्हणाली, तुमचा मुलगा वाहक आहे म्हणजे ही पण असू शकते, निम्मी शक्यता आहे, लग्नाआधी टेस्ट केलीच पाहिजे. शास्त्र अगदी बरोबर. पण दारात शेजारीण उभी होती, आणि ज्या मुलीबद्दल बोलणं चाललं होतं तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. मावशी गप्प झाल्या. नातवाला उचललं आणि निघाल्या. पुढचे दोन दिवस त्या आल्या नाहीत.

त्या दोन दिवसांत घरात बरंच बोलणं झालं. लेक रडली, मग चिडली. "मी खोटं सांगायला हवं होतं का?" बाबांनी विषय बदलायचा म्हणून जुन्या गोष्टी काढल्या. जयप्रकाशजींच्या चळवळीच्या दिवसांत, १९७४ साली, तरुण डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 'मेडिको फ्रेंड सर्कल' सुरू केलं होतं, डॉ. अभय बंग, डॉ. अनंत फडके ही मंडळी त्यातली. १९७६ पासून त्यांची इंग्रजी पत्रिकाही निघे. म्हणजे होसाच्याच वर्षी! पदकं नव्हती, निळे कोट तर नाहीच. आपण डॉक्टर नक्की कुणासाठी व्हायचं यावर ती पोरं रात्र रात्र भांडत. पुढे २००६ मध्ये बंग पती-पत्नींनी गडचिरोलीत 'निर्माण' सुरू केलं, त्यातही वैद्यकीय शिक्षण घेणारी कितीतरी मुलं. लेकीने ऐकून घेतलं, पण तिचा प्रश्न तसाच होता.

उत्तर आईने काढलं. ती शाळा फार शिकलेली नाही. तिने नातीकडून तो चारात एकचा हिशोब तीनदा समजून घेतला आणि मग फडताळातून पटाचे चिंचोके काढले. फोडलेले, एक बाजू पांढरी, एक काळी. "हा बापाचा, हा आईचा. दोन्ही पांढरे पडले तर आजार. एक पांढरा, एक काळा तर नुसता वाहक, त्याला काही होत नाही. दोन्ही काळे तर सुटला. आणि प्रत्येक पोराला नवीन डाव. मागचा डाव चिंचोक्यांना आठवत नाही." लेक आजीकडे बघतच राहिली. मग दोघींनी शंभर वेळा टाकून मोजलं. दोन्ही पांढरे सत्तावीस वेळा पडले.

तिसऱ्या दिवशी आई स्वतः मावशींकडे गेली, नातीला घेऊन. आधी लेकीने माफी मागितली. "मावशी, मी सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं." मग दार लोटून चिंचोके टाकले. मावशींची भीती साधी होती: पोरीचं कार्ड निघालं तर तिला कोण करील? त्यावर आई म्हणाली ते मला फार पटलं. एकट्या पोरीची तपासणी कशाला? पोराचीही करा. एकाकडेच असेल तर पोरांना आजार होत नाही; दोघांकडे असेल तेव्हाच विचार करायचा. दोन्ही कार्डं शेजारी ठेवायची, नुसतं पोरीचं चावडीवर मांडायचं नाही. लग्न ठरलेली मुलगी तोवर भिंतीला टेकून ऐकत होती. ती पुढे आली आणि स्वतः चिंचोके टाकायला लागली.

ऑगस्टमध्ये आम्ही परतलो. लेकीला चिंचोके न्यायचे होते, पण अमेरिकेच्या विमानतळावर बिया-बियाण्यांची काय कटकट असते ते तुम्हाला ठाऊक आहे. शाखेच्या पहिल्या सभेत तिने सगळ्यांना दोन-दोन नाणी दिली, एका बाजूला पांढरा रंग लावलेली. या वर्षी ती राज्य पातळीच्या पदाला उभी राहणार होती; नाही राहिली. त्याऐवजी तिकडच्या सिकलसेल रुग्णांच्या एका गटाकडे शनिवारी जाते. अर्जात काय लिहायचं म्हणून मीच काळजीत पडते, ते सोडा.

मावशींच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात झालं, त्याच मुलाशी. कार्डांवर काय निघालं ते मी विचारलं नाही. आईला ठाऊक असावं. फोनवर ती एवढंच म्हणाली की मावशी चिंचोके मागून घेऊन गेल्यात, सुनेच्या माहेरी दाखवायला, आणि अजून परत केलेले नाहीत.