कोपराची विश्रांती

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. धोट्यातली कांडी बदलताना कोपर दुमडावं लागतं, मागावर वाकून पलीकडचा तुटलेला धागा सांधताना ते सरळ करावं लागतं. मजुरी पिकाच्या, म्हणजे मागाने भरलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. त्यामुळे कोपर निखळून हात महिनाभर प्लॅस्टरमध्ये गेला की तेवढी कमाई बुडते, आणि प्लॅस्टर काढल्यावर सांधा आखडलेला निघाला तर पुढचीही.

सक्तीच्या विश्रांतीचा आग्रह एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी धरला. दुखावलेला सांधा पूर्ण, अखंड आणि दीर्घकाळ स्वस्थ ठेवा, असं त्यांचं म्हणणं. पॅरिसचे ल्यूका-शांपिओनिएर त्याच शतकात नेमकं उलट सांगत होते: हाड मोडलं असलं तरी सांधा लवकर हलवा.

कोल्हापूरच्या तालमींत हालचालीचं वावडं कधीच नव्हतं. हात निखळला की वस्ताद नाहीतर हाडवैद्य तो बसवी आणि तेल लावून रगडी. कोपराला मात्र हे रगडणं घातक ठरतं. सांध्यापुढच्या जखमी स्नायूत रक्त साकळलेलं असतं; चोळलं, जोराने ताणलं, तर तिथे हाडच तयार होऊ लागतं आणि सांधा अडकतो. म्हणून लवकर हालचाल म्हणजे रोग्याने स्वतः केलेली हालचाल, दुसऱ्याने ओढून करवलेली नव्हे. हा फरक आजही घरोघरी सांगायला हवा.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरे व सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या वाकात होतात. त्यामुळे उपचारांचं लक्ष्य ठरलं. पुढे नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर थेट तुलना झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. हाड न मोडता निखळलेलं कोपर बसवून एका गटाने लगेच हलवायला घेतलं, दुसऱ्याने तीन आठवडे प्लॅस्टर ठेवलं. वर्षाअखेरी दोन्ही गट सारखेच. पण हलवणारे सरासरी १० दिवसांत कामावर परतले, प्लॅस्टरवाले १८ दिवसांत. पिकावर मजुरी घेणाऱ्यासाठी हे आठ दिवस फार मोठे आहेत.

मुलांचं गणित वेगळं. कोपराच्या वर हाड मोडलं तर तीन-चार आठवडे प्लॅस्टर त्यांना सोसतं. खेळता खेळता वाक परततो. मोठ्यांमध्ये सांधा अस्थिर असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग हालचाल. एरवी सुरुवात साधीच: उताणं झोपून दंड छताकडे उभा धरायचा आणि कोपर सावकाश दुमडायचं, उघडायचं. दुमडणं आधी जमतं. पूर्ण सरळ होण्याचे शेवटचे काही अंश कित्येकांना परत मिळतच नाहीत.