पाणी मुरू द्या

श्रोतेहो, शाळेत किंवा घरी काचेची मत्स्यपेटी आली की पहिले चार-सहा दिवस मोठ्या कौतुकात जातात. मुले पेटीपुढून हलत नाहीत. मग दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, सकाळी उलटा तरंगताना दिसतो, आणि त्याच्यामागून आणखी दोन जातात. कोणी म्हणतो, दुकानदाराने आजारी मासे दिले. कोणी म्हणतो, पोरांनी काच ठोकून ठोकून मारले. पुष्कळदा दोघांचेही चुकते. मारक ठरते ते नवे पाणी.

आता तुम्ही विचाराल, नितळ पाण्यात वाईट ते काय असणार? तर पाहा. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतला टाकाऊ भाग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. तळाशी कुजणाऱ्या खाद्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो पातळ होतो, वाहून जातो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच पेटीत काठोकाठ भरले तरी जेमतेम ५६ लिटर पाणी. तिथून तो जाणार कुठे? थोडा असताना तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. माशाचे कल्ले मात्र होरपळतात.

निसर्गात याची सोय आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशाला फारसे बाधत नाही. शेतकरी बंधूंना यात नवल वाटू नये. आपण शेतात शेणखत घालतो, युरिया टाकतो, त्याचे नायट्रेट जमिनीत याच बिरादरीचे जिवाणू करतात. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० साली झुरिक येथे त्यांचा छडा लावला. शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे: जुन्या पुस्तकांत दुसऱ्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेले आढळते, पण मत्स्यपेटीत ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतो, असे १९९८ साली दिसून आले.

हे जिवाणू बहुतेक वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजावर बुळबुळीत थर करून राहतात. आणि ते वाढतात फार सावकाश. दही रात्रीत लागते. यांना चार ते सहा आठवडे हवेत. तोवर आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि भरपूर हवा सोडलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो.

यावर उत्तम तोड म्हणजे विरजण, बरं का! ज्यांच्याकडे जुनी, निरोगी माशांची पेटी आहे, त्यांच्याकडून मूठभर वाळू किंवा गाळणीच्या स्पंजाचा तुकडा ओलाच आणावा आणि आपल्या पेटीत ठेवावा. विरजण न मिळाले तर मासे आणण्याआधी महिनाभर रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. मुलांना इतका धीर निघत नसेल, तर दोन-तीन गप्पी मासेच आणून सुरुवात करावी. पेटीभर मासे एकदम आणू नयेत. प्रयोगाच्या तासाला वापरतो ती हायड्रिला वनस्पती पेटीत लावावी. ती थोडा अमोनिया शोषून घेते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याला आपल्यासारखी भूक नसते. पण वर्गातल्या चाळीस मुलांनी एकेक चिमूट टाकली की काय होतं ते सांगायला नको.

याहून मोठे संकट स्वच्छतेचे! पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते. तो दुसऱ्याच जिवाणूंचा उठाव असतो, आपोआप बसतो. पण घाबरून आपण पेटी रिकामी करतो, वाळू नळाखाली खळखळून धुतो, आणि जमत आलेला थर मोरीत जातो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. मासे धापा टाकत असतील तर रोज. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

नवे पाणी घालण्यापूर्वी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन उडून जातो. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड. ते बहुधा अल्कधर्मीही असते. तिथे जास्त जपावे, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. नायट्राइटचा संशय आल्यास १० लिटरला एक लहान चमचा साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

राहता राहिली दिवाळीची सुटी. मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी बिघडत नाही. सुटी मोठी असेल तर शिपाईमामांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. कागदाच्या पुड्या बांधून द्याव्यात, दिवसाआड एक.